गच्चीवरचं ओलं धुणं

प्रबोधचं पत्र आलं तेव्हा पद्माकर आणि सुरेखा अजून पुण्यातच राहत होते. निळं आंतरदेशीय, पत्ता जुनाच. अक्षर मात्र पूर्वीचं राहिलं नव्हतं, ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या. पत्रात तब्येतीची चौकशी नव्हती आणि जुनी तक्रारही नव्हती. नागपूरहून प्रबोधने एवढंच विचारलं होतं: ऑफिसच्या गच्चीवर डबा खाताना मी त्या हार्लेमच्या कविता मराठीत बोलून दाखवायचो, ते तुला आठवतं का? छापून आल्या त्या माझ्याकडे आहेत, पण त्या तुझ्या भाषेत आहेत. मी कसं बोललो होतो ते मला आता आठवत नाही. आई गेली, तिचं बोलणंही कानातून चाललं आहे. तुला आठवत असेल तर लिहून पाठव.

पद्माकरांना सगळं आठवत होतं. अडचण तिथेच होती. कागद घेऊन बसलं की पहिली ओळ लिहून होई आणि लगेच शंका येई. हा शब्द खरंच प्रबोधचा, की आपणच आता त्याच्या तोंडी घालतोय? तरुणपणी मासिकाला देताना आपण त्याचं बोलणं सुधारलं. म्हातारपणी ते मुद्दाम गावरान करून त्यालाच परत पाठवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा तेच करायचं. कागद चुरगळला जाई. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग घराला कुलूप लावून दोघं मुलाकडे सिंगापूरला आले. पद्माकरांचा जुना इंग्रजी शब्दकोश सामानात आला आणि त्यात खुणेला घातलेलं पत्रही आलं. सुरेखाला ते ठाऊक होतं. शब्दकोश पुसताना ती पत्र काढून बाजूला ठेवी आणि पुन्हा त्याच पानात घाली.

आज पद्माकरांची पंचाहत्तरी होती. पुंगोलच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून गडबड होती. त्यांचा धाकटा भाऊ दिलीप मुद्दाम पुण्याहून आला होता. औक्षणाला पंचाहत्तर दिवे हवेत असा सुरेखाचा हट्ट होता, पण एवढ्या ज्योती घरात पेटवायला मुलगा, अभय, तयार नव्हता. शेवटी सुनेने, सुलेखाने, बॅटरीवरचे छोटे दिवे आणून ताटात मांडले.

“फुंकर मारली तरी विझायचे नाहीत,” सुरेखा म्हणाली. “म्हणजे आता तुमची सुटका नाही.”

औक्षण झालं. पद्माकर खुर्चीवरून उठणार तेवढ्यात अभयने त्यांच्या हातात एक पुडकं दिलं. आत छपाईला जाण्याआधीची पुस्तकाची प्रत होती. मुखपृष्ठावर गडद निळी रात्र, उंच इमारतींच्या कडा आणि एक पितळी ट्रम्पेट. वर ‘हार्लेमची गाणी’. खाली ‘पद्माकर जोगळेकर’.

दिलीप उभ्या उभ्या सगळं सांगू लागला. मासिकाचे जुने अंक त्याने कुठून कुठून मिळवले, टाइप कोणी केलं, प्रकाशक कसा एका बैठकीत राजी झाला. मुखपृष्ठ अभयने स्वतः केलं होतं, बँकेतून आल्यावर रोज थोडं थोडं. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळातली चार माणसं चहाला येणार होती. त्यांच्यासमोर दादाने एखादी कविता वाचायची, आणि दिलीपने तिथूनच पुण्याला फोन लावून छपाई सुरू करा म्हणून सांगायचं, असा बेत होता.

“छान झालंय,” पद्माकर म्हणाले. खरंच छान झालं होतं. पानं उलटता उलटता त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, “प्रबोधचं नाव?”

“आहे की. आत, ऋणनिर्देशात.”

“मासिकात दोघांची होती. शेजारी शेजारी.”

“मासिकात ठीक होतं, दादा. पुस्तकात भाषा ज्याची त्याचं नाव. आणि भाषा तुझी आहे. तो काय, नुसता बोलायचा.”

पद्माकरांनी प्रत मिटून मांडीवर ठेवली. अभय त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला दिसावं म्हणून त्यांनी मुखपृष्ठावरून एकदा हात फिरवला.

*

स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात सुलेखा धुतलेले कपडे बांबूच्या काठीवर घालत होती. काठी खिडकीबाहेरच्या नळीत बसवायची, की ती आडवी हवेत जाते. लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्यांदा तिला ह्या काठीची भीती वाटली होती. आता समोरच्या ब्लॉकमागून एलआरटी, खांबांवरून धावणारी छोटी रेल्वे, जाताना दिसली तरी तिचा हात थांबत नसे. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधल्या लॅबची नोकरी, आठवड्याचे कपडे शनिवारी. आज घरी समारंभ असला तरी धुणं चुकलं नव्हतं.

सासूबाई मागे बसून काकड्या चोचवत होत्या.

“काही म्हणाले का बाबा?” सुलेखाने विचारलं.

“ते कधी काही म्हणतात? छान झालंय म्हणाले. तेवढ्यावर आपण समजून घ्यायचं.” सुरेखाने काकडी संपवली आणि दुसरी घेतली. “हे बघ, प्रबोध माणूस चांगला. आमच्याकडे जेवायला यायचा, ताट स्वतः धुवून ठेवायचा. मी नको म्हटलं तरी. पण ह्यांनी आयुष्यभर लिहिलं आणि कपाटात ठेवलं. मला मुखपृष्ठावर एकदा नाव बघायचंय. मी दुसरं काय मागितलंय?”

सुलेखाने पुढचा कपडा झटकला. ताट स्वतः धुवून ठेवायचा, हे तिच्या डोक्यात अडकून राहिलं. पुण्याच्या घरात कुणी आपलं ताट का धुवून ठेवत असेल, हे सासूबाईंना कळलंय की नाही, ते तिला ठरवता येईना.

ती स्वतः नागपूरची. लग्नानंतर पहिल्याच गणपतीत ती “मले नको” म्हणाली होती, आणि दिलीपकाकांनी पंगतीत ते दोन-तीनदा म्हणून दाखवलं होतं. सगळे हसले, तीही हसली. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण त्या दिवसापासून तिने जीभ सरळ करायला घेतली, आणि ती इतकी सरळ झाली की आता फक्त आईचा फोन आला की खोलीचं दार लावून ती पूर्वीसारखं बोलत असे. लेकीने, इराने, एकदा दाराबाहेरून ऐकलं आणि विचारलं, मम्मी, तू कोणती लँग्वेज बोलत होतीस? मराठीच, असं सांगायलाही तिला क्षणभर लागला होता.

*

जेवणं झाल्यावर इराने ती प्रत सोफ्यावर पाय घेऊन वाचायला सुरुवात केली. ती ज्युनिअर कॉलेजात होती आणि ह्या वर्षी तिच्या साहित्याच्या तासाला हार्लेमच शिकवत होते. घरात त्या विषयावर बोलायला आजोबांखेरीज कुणी नव्हतं, आणि आजोबांना बोलतं करायला वेळ लागे. पण एकदा बोलू लागले की सांगत राहत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून गाड्या भरभरून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलेली काळी माणसं. एका वस्तीत, पंधराएक वर्षांत, एवढे कवी, एवढे चित्रकार, एवढे वाजवणारे. वादक काळे आणि टेबलांवर फक्त गोरे असले क्लब. आणि घरभाडं भागवायला शनिवारी घरातच तिकीट लावून केलेले पियानोचे जलसे.

“आजोबा, ही रूफटॉपवाली आहे ना?” तिने हाक मारली. “धोबिणीची? आम्हाला इंग्लिशमध्ये आहे ही.”

पद्माकर खुर्चीतून “हो” म्हणाले.

इरा अडखळत वाचू लागली. मराठी वाचताना ती बोट ठेवून वाचत असे.

“हे वादका, क्षणैक विराम घे, माझी वस्त्रे अद्याप आर्द्र आहेत. करकमले जलात गुंतली, चरण मात्र अनावर…” ती थांबली. “करकमले म्हणजे?”

“कमळासारखे हात,” दिलीप म्हणाला. “काय शब्द आहे बघ. ‘वस्त्रे आर्द्र’ तर माझं पाठ आहे. दादाशिवाय कुणाला सुचणार?”

“पण ती कपडे धुते, लाह,” ती सिंगापुरी लकबीत म्हणाली. “दिवसभर सोड्याच्या पाण्यात. तिचे हात लोटससारखे कसे?” इरा हसत नव्हती. “ओरिजिनलमध्ये ती त्या ट्रम्पेटवाल्याला ओरडते. बॉसी आहे एकदम. इथे ती गॉडेस वाटते. टीव्हीवरची.”

“अनुवादात भाषेची उंची राखावी लागते, बाळा.”

“हेच भांडण त्यांचं पण होतं, दिलीपआजोबा. हार्लेममध्ये. सिनिअर लोक म्हणायचे, चांगलं, रिस्पेक्टेबल लिहा, गोरे लोक वाचतायत, आपली इज्जत जाईल. आणि यंग लोक म्हणाले, आम्ही आमच्या रस्त्यावर बोलतात तसंच लिहिणार. त्यांनी वेगळं मॅगझिन काढलं त्यासाठी.”

“मग कोण जिंकलं?” अभयने विचारलं. विषय हलका व्हावा म्हणून विचारलं, पण विचारून झाल्यावर त्याला उत्तर नको होतं.

“आम्हाला एक्झॅममध्ये विचारतात ते रस्त्यावरचं,” इरा म्हणाली.

दिलीप हसला आणि अभयकडे वळून म्हणाला, की तुझी मुलगी वकील होणार. अभय हसला नाही. त्याला वडिलांच्या हाताकडे बघवत नव्हतं. खुर्चीच्या हातावर तो हात काहीतरी लिहिल्यासारखा हलत होता. लहानपणापासून त्याने हे पाहिलं होतं. बाबांना काही म्हणायचं असलं की ते आधी लाकडावर लिहून बघत, आणि बहुतेक वेळा तिथेच खोडून टाकत. ह्या वेळी खोडायच्या आत छापून टाकावं, असं अभयने ठरवलं होतं. विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते. म्हणून विचारलं नव्हतं.

“बाबा, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल,” तो म्हणाला.

“झालाय रे,” पद्माकर म्हणाले. “पण प्रबोधला विचारलं नाही आपण.”

“ते गृहस्थ आहेत का तरी?” दिलीपने विचारलं. “पत्र येऊन किती वर्षं झाली? तू उत्तरसुद्धा दिलं नाहीस. मग आता एकदम त्याची आठवण?”

पद्माकर उठले आणि आतल्या खोलीत गेले.

*

सुरेखा थोड्या वेळाने मागून आली. तिच्या हातात इस्त्रीचा सदरा होता. तिने तो पलंगावर पसरला, बटणं उघडली आणि म्हणाली, “घाला. पाहुणे येतील.”

“सुरेखा, मी आज ते वाचलं तर पुस्तक निघेल.”

“निघू दे. त्यासाठीच चाललंय सगळं.”

“निघालं की तेच राहील. त्याचं ते कुणाला कळणारच नाही कधी. मी गेलो की संपलं.”

“मग इतकी वर्षं लिहिलं का नाहीत?”

“लिहायला बसलो की खात्री वाटत नाही. प्रत्येक शब्दाला वाटतं, हा माझाच.”

सुरेखा पलंगाच्या कडेला बसली. ती रागावली होती, पण रागावण्यासारखं नेमकं काय, तेही तिला सापडत नव्हतं. “मी तुमच्या बाजूने आहे असं धरून चालू नका,” ती म्हणाली. “मला ते पुस्तक हवंय. मी आजही अभयच्या बाजूने आहे. पण तुम्हाला ते वाचायचं नसेल तर बाहेर येऊन तसं सांगा. सगळ्यांसमोर. नेहमीसारखे आत बसू नका.”

पद्माकरांनी सदरा घातला. एक बटण चुकलं, ते तिने नीट लावलं.

*

पाहुणे आले. मंडळाचे संजीव आणि त्यांची बायको, सेरंगूनहून आणखी एक जोडपं. चहा झाला, चिवडा झाला. जागा कमी म्हणून काही जण जमिनीवर बसले. दिलीपने प्रास्ताविक केलं, त्यात हार्लेमपेक्षा सदाशिव पेठ जास्त होती. मग त्याने प्रत उघडून दादाच्या हातात दिली. पान धोबिणीचंच होतं.

पद्माकर उभे राहिले. ते कधी सभेत बोलले नव्हते. ऑफिसातल्या निरोपसमारंभातही त्यांनी “आभारी आहे” म्हणून खाली बसायची घाई केली होती. त्यांनी पहिली ओळ पाहिली. हे वादका. चष्मा काढला. समोर चेहरे पुसट झाले, आणि त्या पुसटपणात त्यांना एकदम गच्चीचा पत्रा दिसला, पाण्याची टाकी, कठड्यावर डबा. आपण इंग्रजी ओळ वाचून अर्थ सांगतोय आणि प्रबोध कठड्याशी फेऱ्या मारतोय, कमरेवर हात ठेवून, अगदी बाईमाणसासारखा. त्याची आई गिरणीतून आली की संध्याकाळी लोकांची धुणी करत असे. ती कविता ऐकल्यावर तो म्हणाला होता, अरे, ही तर माझी मायच बोलून राहिली.

त्यांनी प्रत मिटली.

“ह्यात आहे ते मी लिहिलेलं आहे,” ते म्हणाले. “ते मी वाचणार नाही. माझा मित्र प्रबोध गणवीर बोलला होता, ते म्हणून बघतो. जमलं नाही तर…” ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग दोन पावलं खिडकीकडे गेले, तिथून वळले, आणि चालता चालताच बोलू लागले.

“थांब नं बाप्पा, इतक्यात नको वाजवू,
माह्यं धुनं अजून ओलंच हाये.
हात पान्यात गुतले माह्ये,
पाय तं आयकूनच नाही राह्यले.
दुसऱ्याच्या चादरी पांढऱ्या करू करू
शनवार काळा होऊन गेला.
वाजव बाप्पा. आता वाजव.
धुनं का, वाळन वाळाचं तवा.”

आवाज मोठा नव्हता. पण तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता, आणि लिहिताना येणारी शंका एकाही शब्दाला आली नाही. हे त्यांना शेवटच्या ओळीनंतर कळलं.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. संजीवच्या बायकोला वाजवायच्या होत्या, पण सुलेखाकडे बघून तिने हात खाली घेतले.

सुलेखा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला तिची आजी ऐकू आली होती, तिच्या सासऱ्यांच्या तोंडून, ह्या घरात, दिलीपकाकांच्या समोर. तिने ट्रे खाली ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली, “‘गुतले’ नाही. आमच्याकडे ‘फसले’ म्हणतात. हात फसले माह्ये.”

हे बोलताना ती दार लावायला विसरली होती.

पद्माकरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना हो म्हणावंसं वाटलं. ती त्या मुलखाची, आपण काय, पुण्याचे. जन्मभर ते अशा जागी हो म्हणत आले होते.

“नाही सुलेखा,” ते म्हणाले. “तू म्हणतेस ते बरोबर असेल. पण त्याची आई ‘गुतले’ म्हणायची. ह्या वेळी मी काहीच बदलणार नाही.”

सुलेखाने मान हलवली. तिला राग आला नाही. उलट कुठेतरी बरं वाटलं.

“दादा, हे ठीक आहे, गंमत म्हणून,” दिलीप घसा साफ करत म्हणाला, “पण पुस्तक म्हणून कोण…”

“दिलीपभावजी,” सुरेखा मध्येच म्हणाली. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच. “पुण्याला फोन लावा. थांबा म्हणावं.”

“वहिनी, तुम्हालाच तर हवं होतं.”

“हवंच आहे. पण एवढ्या वर्षांत ह्यांनी मला असं एकदा म्हणून दाखवलं नाही. हे आत्ता म्हटलेलं निघू दे. ह्यांचं ते लिहिलेलं मी कपाटात ठेवून पुसत आलेय, आणखी पुसेन.”

दिलीपने अभयकडे पाहिलं. सकाळपर्यंत ते दोघं एका बाजूला होते. अभय उठला, वडिलांच्या हातातली प्रत घेतली आणि मुखपृष्ठ निरखून बघू लागला. ट्रम्पेटच्या खाली जागा होती.

“फाइल माझ्याकडेच आहे,” तो म्हणाला. “नाव कुठे घालायचं सांगा.”

“आधी त्याचं. मग माझं. पण आत्ता नाही. त्याने हो म्हटल्यावर.”

“आणि तो नसला तर?” दिलीपने विचारलं. हे टोचायला म्हटलेलं नव्हतं. तोही आता हळू बोलत होता.

पद्माकरांना हीच भीती होती. त्यांनी सुरेखाकडे पाहिलं.

“पत्र उघडणारं कुणीतरी असेल घरी,” ती म्हणाली. “ते सांगतील.”

दिलीप फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. परत आला तेव्हा कुणाशी न बोलता त्याने उरलेला चिवडा संपवला. रात्री झोपायला जाताना मात्र त्याने सुलेखाला विचारलं, “गुतले आणि फसले, फरक काय गं?” तिने सांगितलं. ह्या वेळी त्याने ते म्हणून दाखवलं नाही.

*

पुढच्या रविवारपासून काम सुरू झालं. कसं करायचं ते आपोआप ठरलं. पद्माकर लिहायला बसले की अजूनही अडत, म्हणून ते बसलेच नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत ते बोलत, आणि सुलेखा जेवणाच्या टेबलाशी बसून कानावर पडेल तसं लिहून घेई. जे काम कधीकाळी त्यांनी करायला हवं होतं, ते ती करत होती. कधी तिचा हात थबके. आपल्या गावचा वेगळा शब्द ओठावर येई. मग ती त्यांच्याकडे बघे आणि त्यांचाच लिही. इरा इंग्रजी मूळ समोर धरून बसे आणि एखादी ओळ सुटली तर सांगे. एखादी कविता काही केल्या आठवत नसे. तेव्हा ते तसं स्पष्ट सांगत, आणि सुलेखा पान कोरं सोडी. पूर्वी ते पान भरायला त्यांना दोन मिनिटं लागली नसती.

अभयचं म्हणणं होतं की नंबर शोधू आणि रेकॉर्ड करून फोनवर पाठवू, क्षणात पोचेल. पद्माकर म्हणाले, त्याने कागदावर विचारलंय. दिलीप परत निघाला तेव्हा म्हणाला, दे माझ्याजवळ, पुण्यातून टाकतो, लवकर मिळेल. भाऊ मनापासून म्हणत होता, हे त्यांना दिसत होतं.

“नको,” ते म्हणाले. “मीच टाकतो.”

कवितांवर जोडायचं पत्र मात्र त्यांना स्वतःच लिहावं लागलं. त्यात माफी मागावी का, ह्यात दोन दिवस गेले. माफी लिहिली की ती वाचून प्रबोधलाच काहीतरी समजुतीचं लिहावं लागणार, हे लक्षात आलं आणि त्यांनी ती काढली. राहिलं ते असं: ‘प्रबोध, आठवतं. सोबत आहे. जिथे आठवलं नाही तिथे कोरं सोडलंय, ते तू भर. लिहून घेतलं माझ्या सुनेने, ती तुमच्या नागपूरची आहे. काही बदललेलं नाही. पुस्तक काढावं असं घरच्यांना वाटतं, आधी तुझं नाव, मग माझं. तू सांगशील तसं. पद्माकर.’

पाकीट जाड झालं. सेरंगूनच्या मॉलमधल्या पोस्टात इराने त्याचं वजन करून तिकिटं लावून आणली. पेटी त्यांच्या ब्लॉकपासून जवळच होती, एलआरटीच्या खांबाखाली. पांढरी पेटी, दोन तोंडांची. एक सिंगापूरसाठी, दुसरं बाकीच्या देशांसाठी. सुरेखा सोबत आली होती. तिच्या हातात भाजीची पिशवी होती, म्हणजे सहज आल्यासारखं दिसावं.

पद्माकरांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. तो निळ्या आंतरदेशीयावरून उतरवला होता. घर बदललं असेल. गल्लीचं नाव बदललं असेल. सातव्या कवितेत एक ओळ मागेपुढे झाली असण्याची शक्यता होती. ती आत्ता उघडून पाहता आली असती.

“सुरेखा, एकदा वर जाऊन…”

“वर गेलात तर मी खिडकीतून खाली टाकीन ते.”

डोक्यावरून गाडी गेली. ती जाईपर्यंत ते थांबले. मग उजवीकडच्या तोंडात पाकीट घातलं. ते अर्ध्यावर अडलं. त्यांनी तळहाताने ढकललं, आणि आत कुठेतरी तळाशी ते पडल्याचा आवाज त्यांना नीट ऐकू आला.